स्टुडिओच्या फाटकापर्यंतचा कायदा

तीन वर्षांच्या मुलीनं आईबापाकडे काय मागावं? बाहुली, मांजर, फार तर धाकटा भाऊ. लंडनच्या नैऋत्येला थेम्सच्या काठी टेडिंग्टन नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका तीन वर्षांच्या मुलीनं एजंट मागितला. बाप विल नाइटली नट, आई शर्मन मॅकडोनाल्ड आधी नटी आणि मग नाटककार. घरात फोन वाजला की पलीकडे आईला नाहीतर बाबांना कामं मिळवून देणारा एजंट. सगळ्यांना एजंट आहे, मग मलाच का नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. त्या घरात नाटकाचा धंदा किती मुरलेला होता पाहा: दुसरं मूल हवं असेल तर आधी एक नाटक विकून दाखव, अशी पैज नवरा-बायकोत लागली होती म्हणे. नाटक विकलं गेलं, गाजलंही. आणि पुढे हॉलिवूडची नटी झालेली कीरा नाइटली २६ मार्च १९८५ला जन्मली.

एजंट मिळाला तो सहाव्या वर्षी, तोही फुकट नाही. शाळेत तिला वाचता येत नव्हतं. धडे पाठ करून ती वाचल्यासारखं दाखवायची. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली जन्मजात अडचण, आहे हे कळल्यावर आईनं सौदा केला: सुट्टीत रोज पुस्तक हातात घेऊन बसायचं, रडारड करायची नाही, मग एजंट. पोरीला एमा थॉम्पसन ही नटी फार आवडायची, म्हणून आईनं तिच्यासमोर जेन ऑस्टेनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरीवर एमानं लिहिलेली पटकथाच ठेवली. एमाला वाचता आलं नसतं तर ती हात बांधून बसली असती का, एवढं विचारलं. पोरगी वाचायला शिकली.

कीरा नाइटलीच्या सुरुवातीच्या दिवसांवर लिहिणारा प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो. मीही सांगितली. पण तिचा गोडवा सांगण्यात मला रस नाही. या गोष्टीत एक करार आहे. एका बाजूला सहा वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला आई. काय मिळणार आणि बदल्यात काय द्यायचं हे दोघींना ठाऊक. पुढच्या पंधरा वर्षांत या मुलीकडून जे जे घेतलं गेलं त्याला 'प्रसिद्धीची किंमत' म्हणायची पद्धत आहे. माझं म्हणणं असं की किंमत आधी सांगावी लागते. न सांगता खिशातून काढून घेतात तिला आपल्याकडे दुसरा शब्द आहे.

१९९७चा उन्हाळा घ्या. लंडनच्या उत्तरेला वॉटफर्डजवळ लीव्हस्डन इथं विमानाच्या इंजिनांचा जुना कारखाना होता, त्याचा स्टुडिओ झाला होता. तिथं 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागाचं चित्रीकरण चाललं होतं. नॅटली पोर्टमन राणी होती आणि बारा वर्षांची कीरा तिची तोतया. मराठी माणसाला तोतया म्हटलं की पानिपतानंतरचे भाऊसाहेब आठवतात. इथला तोतया मात्र सरकारी नोकरीतला: राणीवर हल्ला व्हायचा तर तो आपल्यावर व्हावा म्हणून तिच्या वेषात उभं राहायचं. रंगभूषा पूर्ण झाली की दोघींच्या आयांनाही आपली मुलगी कोणती हे पटकन कळायचं नाही. कीराचा आवाजसुद्धा पडद्यावर राहिला नाही, तो पोर्टमनचाच वापरला. संध्याकाळी तोंड धुतलं की ही टेडिंग्टनची एक शाळकरी मुलगी. रस्त्यात कुणी ओळखत नव्हतं.

आणि सेटवर तिच्या पाठीशी कायदा होता. इंग्लंडमध्ये १९६३च्या कायद्यापासून शाळकरी वयाच्या कलाकाराला स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. आजचे नियम फार बारकाईनं लिहिलेले आहेत. नऊ वर्षांवरच्या मुलाला चित्रीकरणाच्या जागी जास्तीत जास्त साडेनऊ तास ठेवता येतं आणि त्यातलं प्रत्यक्ष काम पाच तासांपेक्षा जास्त नको. शाळेच्या दिवशी शिकवणी झालीच पाहिजे. परिषदेनं मंजूर केलेली एक व्यक्ती सतत सोबत हवी, आणि अशा एका व्यक्तीकडे बारापेक्षा जास्त मुलं द्यायची नाहीत. दिग्दर्शक कितीही मोठा असो, ही बाई घड्याळाकडे बोट दाखवते आणि मुलगी निघून जाते. मला या व्यवस्थेचं मनापासून कौतुक आहे. सिनेमाच्या धंद्यात 'आता पुरे' म्हणायचा अधिकार असलेली माणसं फार थोडी.

त्याच १९९७ साली इंग्लंडमध्ये छळवणुकीविरुद्धचा नवा कायदा आला. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, ३१ ऑगस्टला, पॅरिसमधल्या बोगद्यात डायनाची गाडी आपटली. छायाचित्रकार मागे लागले होते. सगळ्या देशाला एकाएकी शरम वाटली. वृत्तपत्रांनी स्वतःची आचारसंहिता सुधारली, सतत पाठलाग करून मिळवलेली छायाचित्रं छापायची नाहीत असं ठरलं. म्हणजे बारा वर्षांची कीरा सेटवर तोतया राणी होऊन उभी होती, तेव्हाच बाहेरचं जग आता सभ्य व्हायचं म्हणून शपथ घेत होतं. दहा वर्षांनी त्या शपथेचं काय झालं ते पुढे येतंच.

मधली वर्षं झपाट्यानं गेली, तिचीही तशीच गेली. गुरिंदर चढ्ढाचा 'बेंड इट लाइक बेकहम' २००२ साली आला. आपल्याकडे अनेकांनी कीराला पहिल्यांदा पाहिलं ते त्यात. पश्चिम लंडनमधल्या शीख घरातली जेस, तिला फुटबॉल खेळायचा आहे, बाप अनुपम खेर, आणि तिला संघात ओढून नेणारी गोरी मैत्रीण जूल्स म्हणजे कीरा. गोष्ट जेसची, म्हणजे परमिंदर नागराची होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत हॉलिवूडची मोठी पोस्टरं मिळाली ती जूल्सला. त्यात कातडीच्या रंगाचा वाटा किती, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण डोळ्यांत खुपतो तो खुपतोच.

मग 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आणि 'लव्ह अ‍ॅक्चुअली', दोन्ही २००३चे. चित्रीकरणाच्या वेळी ती सतरा वर्षांची होती. 'लव्ह अ‍ॅक्चुअली'मध्ये ती नवी नवरी आहे. नवऱ्याचं काम करणारा चुएटेल एजिओफोर पंचविशीतला, तिच्यावर मनातल्या मनात झुरणारा अँड्र्यू लिंकन तिशीला टेकलेला. आणि त्याच चित्रपटात आईविना पोरका झालेला शाळकरी पोरगा म्हणून दिसणारा थॉमस सँगस्टर तिच्याहून फक्त पाच वर्षांनी लहान. हे कळल्यावर तो सिनेमा पुन्हा पाहा. पडद्यावर एकाला मूल म्हणून उचलून घेतलंय आणि दुसरीला बाई म्हणून उभं केलंय.

'पायरेट्स'नं जगभरात ६५ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. ए-लेव्हलचा, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीचा, अभ्यास तिनं केव्हाच सोडला होता. आता ती सोळा पार करून गेलेली. म्हणजे परवाना नको, घड्याळाकडे बोट दाखवणारी बाई नको, शिकवणी नको. कायद्याच्या लेखी तिला आता कुणाची गरज नव्हती. नेमकी तेव्हाच ती पहिल्यांदा एकटी पडली.

इथं मला माझं एक काम सांगितलं पाहिजे, नाहीतर हा लेख लिहायचा मला अधिकार नाही. २००६च्या सुमाराला मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीवर होतो. शुक्रवारी रात्री पानं लावताना सिनेमाच्या पानावर हमखास तीन कॉलमांची भोकं राहायची. ती बुजवायला परदेशी वृत्तसंस्थेचे फोटो असत. वर्गणी महिन्याची, त्यामुळे एकेका फोटोला दिडकीही लागायची नाही. एकदा कीराचा फोटो आला. रात्रीची वेळ, गाडीचं दार अर्धवट उघडं, एक पाय बाहेर, डावा हात चेहऱ्यासमोर. बोटांच्या फटीतून एक डोळा दिसत होता. आणि गाडीच्या काचेत फोटो काढणाऱ्यांचं प्रतिबिंब पडलं होतं: गर्दी, जाकिटं, वर धरलेले कॅमेरे, एकाचं उघडं तोंड. तो काहीतरी ओरडत असणार.

मी काय केलं? काच कापली. चौकट घट्ट केली, मुलगी मधोमध आणली, प्रतिबिंब गेलं. खाली ओळ लिहिली: 'लाजली कीरा!' उपसंपादक हसला, पान सुटलं.

तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं की या सगळ्या व्यवहाराचं वर्म त्या कापलेल्या पट्टीत होतं. ती माणसं फोटोत राहिली असती तर वाचकाला लाजणारी नटी दिसली नसती. अंधारात दहा-बारा पुरुषांनी घेरलेली एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी दिसली असती. पाठलागाचा फोटो विकायचा तर पाठलाग करणारे त्यातून काढावे लागतात, आणि ते काढायला जगभरच्या कचेऱ्यांत माझ्यासारखे पगारी लोक बसलेले असतात.

बाजारभावाचं गणित तर आणखी वाईट. रेड कार्पेटवर हसऱ्या चेहऱ्याचे शेकडो फोटो निघतात, म्हणून त्यांना भाव नसतो. रडतानाचा, चिडतानाचा, धडपडतानाचा फोटो दुर्मीळ, म्हणून महाग. मग तो मिळवायला काय करायचं? घाण शिव्या द्यायच्या, गाडीसमोर आडवं उभं राहायचं, पाय अडकेल इतकं जवळ जायचं. या धंद्यातल्या या जुन्या युक्त्या आहेत. फोटोग्राफर वाईट माणूस असावाच लागतो असं नाही. भावच असा लागलाय की सभ्य माणूस उपाशी मरतो.

२००४ साली 'किंग आर्थर'चं अमेरिकेतलं पोस्टर आलं तेव्हा त्यावर कीराची छाती संगणकावर वाढवलेली होती. ती धनुष्य ओढून उभी आहे, अंगावर चामड्याचे पट्टे, आणि शरीर दुसऱ्याच कुणाचं. एकीकडे शरीर कमी पडलं म्हणून पोस्टरवाले त्यात भर घालत होते, दुसरीकडे ती फार बारीक दिसते म्हणून वर्तमानपत्रं तिला आजारी ठरवत होती. २००७च्या जानेवारीत 'डेली मेल'नं तिचा बिकिनीतला फोटो छापला तो एका दुःखी आईच्या कहाणीबरोबर. त्या आईची एकोणीस वर्षांची मुलगी अ‍ॅनोरेक्सियानं, म्हणजे अन्न टाकायला लावणाऱ्या विकारानं, गेली होती. आपल्याला असा आजार नाही हे कीरानं आधीच सांगितलं होतं. ती खोटं बोलतेय आणि अशा मृत्यूंचं थोडं पाप तिच्या माथी आहे, असा त्या मजकुराचा अर्थ निघत होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते आणखी काय असतं? ती कोर्टात गेली आणि जिंकली. नुकसानभरपाई मिळाली ३,००० पौंड. ते पैसे तिनं खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या 'बीट' या संस्थेला दिले. एवढ्या मोठ्या खपाच्या दैनिकाला ३,००० पौंडांनी काय होतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आता जरा तिच्या अभिनयाबद्दलही बोलू, कारण या गदारोळात तो विषय मागे पडतो आणि ते बरोबर नाही. २००५च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये ती एलिझाबेथ झाली. दिग्दर्शक जो राइटला आधी ती या भूमिकेसाठी जरा जास्तच सुंदर वाटली होती. प्रत्यक्ष भेटल्यावर तिच्यातला मुलग्यांसारखा धसमुसळेपणा दिसला आणि त्यानं मत बदललं. ती या चित्रपटात तोंड उघडून हसते, चिखलातून चालत येते, आणि ऐकताना तिच्या चेहऱ्यावर बोलण्याइतकंच काही घडत राहतं. ऐकणं हे अवघड काम आहे, ते पन्नाशीच्या नटांनाही जमत नाही. ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. वाचता न येणारी जी पोरगी एमा थॉम्पसनची पटकथा घेऊन बसायची, तिनं आता त्याच जेन ऑस्टेनच्या दुसऱ्या कादंबरीत बाजी मारली होती. वर्तुळ पूर्ण झालं म्हणावं इतकं सुरेख.

आणि बाविसाव्या वर्षी ती कोसळली. २०१८ साली एका मुलाखतीत तिनं हे सगळं सविस्तर सांगितलं. तीन महिने घराबाहेर पडली नाही. डॉक्टरांनी पीटीएसडी सांगितलं, म्हणजे आपण युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात ऐकतो तो विकार. २००८च्या बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्याला 'अटोनमेंट'साठी तिला नामांकन होतं. तिथं रेड कार्पेटवर उभं राहता यावं, घाबरून जीव गुदमरू नये, म्हणून तिनं आधी संमोहनाचे उपचार घेतले. मग वर्षभर काम बंद ठेवलं. डायनाच्या मृत्यूनंतर घेतलेल्या शपथेला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती.

ती एकटीच नव्हती. नटी सिएना मिलरनं २०११च्या नोव्हेंबरात, वृत्तपत्रांच्या वागणुकीची तपासणी करणाऱ्या न्यायमूर्ती लेव्हेसन यांच्या चौकशीपुढे साक्ष दिली. मी एकवीस वर्षांची होते, मध्यरात्री अंधाऱ्या रस्त्यावरून एकटी धावत होते आणि दहा पुरुष माझ्या मागे धावत होते. त्यांच्या हातात कॅमेरे होते म्हणून ते कायदेशीर ठरलं, अशा अर्थाचं ती बोलली. कॅमेरे काढून घ्या आणि तेच दृश्य पाहा, असंही तिनं सुचवलं. मला वाटतं, या विषयावर इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. 'हॅरी पॉटर'मधल्या एमा वॉटसनचा अनुभव तर कॅलेंडरचा आहे. लीव्हस्डनच्याच स्टुडिओत दहा वर्षं वाढलेली ही मुलगी १५ एप्रिल २००८ला अठरा वर्षांची झाली. वाढदिवसाच्या समारंभातून ती बाहेर आली तेव्हा छायाचित्रकार तिच्या स्कर्टखालचा फोटो मिळावा म्हणून फुटपाथवर आडवे झाले होते. ते फोटो दुसऱ्या दिवशी छापूनही आले. चोवीस तास आधी छापले असते तर गुन्हा झाला असता, हे तिनंच नंतर सांगितलं. तसा फोटो काढणं इंग्लंडमध्ये स्वतंत्र गुन्हा ठरायला २०१९ उजाडलं, आणि त्यातही हेतू लैंगिक सुखाचा किंवा समोरच्याला अपमानित करण्याचा, त्रास देण्याचा असावा लागतो. मी तर निव्वळ पैशासाठी काढला, असं म्हणणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाच कायद्याच्या अभ्यासकांनी काढला होता.

कायदा कुठे अडतो ते पाहण्यासारखं आहे. छळवणुकीच्या १९९७च्या कायद्याला वर्तनाची साखळी लागते, म्हणजे एकाच माणसानं किमान दोनदा त्रास दिला पाहिजे. आज वेगळे दहा, उद्या वेगळे दहा आले तर साखळी कुणाच्या गळ्यात घालणार? मिलरनं २००८ साली यातून वाट काढली ती एकेका फोटोग्राफरच्या मागे न लागता त्यांना पाठवणाऱ्या एजन्सीला धरून. एजन्सीनं भरपाई दिली आणि यापुढे पाठलाग करणार नाही असं लिहून दिलं. फांद्यांवर काठ्या मारण्यापेक्षा बुंधा धरावा तो असा.

इथे कुणीतरी म्हणणार, आणि त्याचं म्हणणं हलकं घेण्यासारखं नाही, की खासगीपणाचे कायदे कडक केले की आधी फायदा होतो तो बड्या धेंडांचा. भ्रष्ट मंत्री, बायकांना छळणारा निर्माता, हे सगळे 'आमचं खासगी आयुष्य' म्हणत कोर्टाची मनाई आणतील. खरं आहे. शिवाय फोन हॅक करणाऱ्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चं पितळ उघडं पाडलं तेही दुसऱ्या वर्तमानपत्राच्या बातमीदारांनीच. ते साप्ताहिक २०११च्या जुलैत बंद पडलं आणि त्याच प्रकरणातून लेव्हेसन चौकशी बसली. पत्रकारांचे हात बांधले असते तर हेही बाहेर आलं नसतं. मी स्वतः आयुष्य या धंद्यात काढलंय, मला मुस्कटदाबी नको आहे. पण मंत्र्याच्या व्यवहारांची बातमी आणि एकवीस वर्षांच्या मुलीला रात्री रस्त्यात गाठणं यांतला फरक कळायला घटनापीठ लागत नाही. कॅलिफोर्नियानं २०१३ साली असा फरक करून दाखवला. आईबापाच्या प्रसिद्धीपायी त्यांच्या मुलांना त्रास देणाऱ्या छायाचित्रकारांची शिक्षा वाढवली. हॅली बेरी आणि जेनिफर गार्नर या नट्या त्यासाठी स्वतः विधिमंडळापुढे गेल्या होत्या. लोकशाही बुडाली नाही. कमतरता एवढीच, की त्या कायद्यात नटीचं मूल येतं, स्वतःच अजून मूल असलेली नटी येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वेळा ऐकू येतो: हौस होती ना? तिसऱ्या वर्षापासून एजंट मागत होती, पैसा मिळाला, नाव मिळालं, मग आता तक्रार कसली? आपल्याकडे तर हा आक्षेप आईबापांवरही जातो, पोरीला सिनेमात घातलं तेव्हा कळत नव्हतं का म्हणून. हौस होतीच. पण हौस अभिनयाची होती. प्रीमियरला ती सजून आली, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, तो तिच्या कामाचा भाग, त्याचे पैसे तिला मिळाले. लग्नाला बोलावलं म्हणून पाहुण्याला रात्री खिडकीतून डोकावायची मुभा मिळत नाही. बरं, ती तक्रार करत होती असंही नाही. 'डेली मेल'वरचा तो एक दावा सोडला तर त्या वर्षांत तिनं सगळं गिळलं, दहा वर्षांनी सांगितलं. २०१४ साली एका मासिकासाठी उघड्या छातीनं फोटो दिला तो एका अटीवर: शरीराला संगणकाचा हात लावायचा नाही, आहे तेवढंच दिसलं पाहिजे. अट घालता येण्याइतकं वजन येईपर्यंत ती एकोणतीस वर्षांची झाली होती. सतराव्या वर्षी पहिलं मोठं काम मिळालेल्या मुलीकडे ते वजन कुठून येणार?

आपल्याकडे काय आहे? कागदावर बरंच आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७च्या सुधारित नियमांत बालकलाकारासाठी दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. चॅनेलवरच्या नाच-गाण्याच्या स्पर्धांत रात्री अकराला डोळे चोळणारी पोरं पाहिली की या कागदाबद्दल शंका येते, पण कागद आहे. आणि तोही फाटकापाशी संपतो.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ला आला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत होती. सिनेमा येण्याआधीच तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारात दखल घेतली गेली होती. नंतर गर्दीमुळे तिला नेहमीसारखं शाळेत जाणं जमेना आणि दहावीला ती बाहेरून बसली, १७ नंबरचा फॉर्म भरून. इथं ना कुणी सनसनाटी टॅब्लॉइड होतं, ना नटनट्यांचा पाठलाग करणारे पापाराझी छायाचित्रकार. प्रेमानं आलेले, सेल्फी मागणारे तुमच्या-आमच्यासारखे लोक होते. त्यामुळे कुणावर दावा लावायचा हाही प्रश्न येत नाही, आणि म्हणूनच मला हे उदाहरण इंग्लंडच्या उदाहरणांपेक्षा जास्त अवघड वाटतं. मुंबईत आता जिमच्या दारात, विमानतळावर, वांद्र्याच्या हॉटेलांबाहेर 'पॅप', म्हणजे पापाराझी, उभे असतात. नटांची शाळकरी पोरं गाडीत बसताना त्यांना नावानं हाका मारतात. व्हिडिओ दहा सेकंदांचा. माझ्या वेळी काच कापावी लागायची, आता मोबाइल उभा धरला की आजूबाजूचं आपोआप कापलं जातं.

म्हणून माझी मागणी छायाचित्रकारांवर बंदीची नाही. ती चालत नाही, आणि चालली तर चुकीच्या माणसाच्या कामी येते. एजन्सी आणि छापणारे, म्हणजे जे पैसे मोजतात ते, पाठलागाला पाठलाग करणाऱ्याइतकेच जबाबदार धरले जावेत, हे मिलरच्या खटल्यानं दाखवून दिलंच आहे. पण त्याच्याही आधी हात पोचतो तो निर्मात्यापर्यंत. एकवीस वर्षांखालच्या मुलीला किंवा मुलाला घेऊन कुणी सिनेमा काढत असेल, तर प्रदर्शनानंतरच्या दोन वर्षांची सोय करारातच लिहिलेली असावी: शाळा-कॉलेज चालू राहील अशी व्यवस्था, गरज पडली तर सोबतीला माणूस, तिनं स्वतः निवडलेला समुपदेशक, आणि निर्मात्याच्या पगारावर नसलेला एक वकील. खर्च जाहिरातीच्या प्रमाणात ठेवावा, म्हणजे पन्नास लाखांत सिनेमा करणाऱ्या आपल्या मराठी निर्मात्याचं दिवाळं निघणार नाही. ज्यानं चेहरा जगभर चिकटवला त्यानं तो चेहरा घेऊन हिंडणाऱ्या मुलीचा थोडा भार उचलावा, यात अतिरेकी काय आहे?

हे एका निर्मात्याला मी गप्पांत बोलून दाखवलं. भला माणूस आहे, मुलांना सेटवर दूध-केळी देणारा. तो म्हणाला, "बजेटमध्ये असला हेडच नसतो हो." हेड नसतो हे खरंच असणार. पण 'किंग आर्थर'च्या त्या पोस्टरवर एकोणीस वर्षांच्या मुलीची छाती वाढवायला कुणीतरी संगणकापुढे बसला होता, आणि त्यानं काही ते काम फुकट केलं नसेल. त्याचं बिल कुठल्या ना कुठल्या हेडखाली बसलंच होतं.